चपला घालून आंघोळ

ताईच्या घरी आंघोळीला जायचं तर पायात रबरी चपला घालून जायचं, हे आम्हा नातेवाइकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की दुसऱ्या कुणाच्या बाथरूममध्ये अनवाणी उभं राहिलं की काहीतरी विसरून आल्यासारखं वाटायचं. निळ्या पट्ट्यांची ती चप्पल बाथरूमच्या दाराशी कायम तैनात असे. आत गेल्यावर नळाला हात लावायचा नाही. प्लॅस्टिकच्या मगाच्या कडेनं त्याची मूठ ढकलायची. भिंतीला टेकायचं नाही. आरशाच्या चौकटीत दिवे होते, म्हणून आरशात तोंड बघायचं ते लांबून, परक्याचं बघावं तसं. नवा पाहुणा आला तर टॉवेल देता देता त्याला हे सगळं सांगितलं जाई, आणि तेही इतक्या सहज, की जगभर लोक अशीच आंघोळ करतात असं त्या बिचाऱ्याला वाटावं.

या व्यवस्थेचे जनक म्हणजे माझे भावोजी.

भावोजी विमा कंपनीत आहेत. लोकांनी मागितलेली भरपाई का देता येत नाही, हे शोधून काढणाऱ्या खात्यात. कुणाचं दुकान जळालं, कुणाच्या घरात पाणी शिरलं, की भावोजी कागद उलटेपालटे करतात आणि 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' असा शेरा मारून जेवायला उठतात. रोज दुसऱ्यांचा निष्काळजीपणा वाचून माणूस घरी जरा जपून वागेल, असं आपल्याला वाटतं. भावोजींनी त्यातून एवढाच बोध घेतला होता की निष्काळजी माणसं ही एक वेगळी जमात असते आणि तिला ग्राहक म्हणतात.

बाथरूमचं वायरिंग त्यांनी स्वतः केलं. गिझर, आरशाचे दिवे, वाफ ओढणारा पंखा, सगळं. "त्यात आहे काय? लाल, काळी, हिरवी. तीन तर वायरी. बायका याच्यापेक्षा जास्त रंगांचे दोरे सांभाळतात." मोबाइलवर व्हिडिओ लावून ते काम करत. व्हिडिओतला माणूस सुरुवातीलाच बजावायचा, की हे काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. तेवढा भाग भावोजी बोटानं पुढे सरकवत. जाहिरात असते ती, म्हणत.

हिरवी वायर म्हणजे अर्थिंगची. गळका करंट तिच्यातून मुकाट जमिनीत जायला हवा. ती नीट न्यायची तर भिंतीच्या फरशा मेन बोर्डापर्यंत फोडाव्या लागल्या असत्या. भावोजींनी ती नळाच्या पाइपला गुंडाळली. "जुन्या लोकांची युक्ती आहे. पाइप जातो जमिनीत, करंटही जातो जमिनीत." युक्ती जुनी होती हे खरं, पण पाइप नवा होता. आदल्याच वर्षी भावोजींनी गंजका लोखंडी पाइप उपटून सगळीकडे पांढराशुभ्र प्लॅस्टिकचा पाइप बसवला होता आणि तेव्हाही आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवला होता. दोन्ही कामं एकाच माणसानं केली, दोन्हींचा त्याला अभिमान होता, पण त्या दोन अभिमानांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही.

मी म्हटलं, "भावोजी, प्लॅस्टिकमधून करंट जातो का?"

"पाण्यातून जातो ना? मग पाइपात काय भरलंय, कापूस?"

याला उत्तर होतं. पण उत्तर ऐकून घेईल असा माणूस समोर नव्हता.

व्हिडिओत दाखवला होता म्हणून त्यांनी करंट गळला की आपोआप खाली पडणारा एक स्विचही बसवला. तो रोज पडायला लागला. आणि नेमका केव्हा, तर कुणी आंघोळीला गेलं की. भावोजींनी तो बदलला. नवाही पडला. आणखी एक आणला, त्यानंही तेच केलं. शेवटी "हल्ली मालच असला येतो" म्हणून त्यांनी ती जातच घरातून हद्दपार केली आणि तिच्या जागी साधा, समजूतदार, पडायचं नाव न घेणारा स्विच बसवला. त्यानंतर नळाला मुंग्या यायला लागल्या.

'मुंग्या' हा त्या घरातला अधिकृत शब्द. करंट म्हणायचं नाही. "आज जरा जास्त मुंग्या आहेत हं," असं ताई सांगायची, पावसाळ्यात साखरेच्या डब्याबद्दल सांगावं तसं. गिझरचं बटण बंद केलं तरी मुंग्या येत, आणि हाच भावोजींचा हुकमी पुरावा होता. "करंट असता तर बटण बंद केल्यावर गेला असता की नाही? जात नाही. म्हणजे करंट नाही. स्टॅटिक आहे ते. स्वेटर काढताना नाही का होत?"

एकदा ताईनं त्यांना न विचारता वायरमनला बोलावलं होतं. भावोजींनी त्याला दारातूनच पाणी पाजून परत पाठवलं आणि पुढे आठवडाभर ताईशी मीठ मागण्यापुरतंही बोलले नाहीत. मीठ स्वतः उठून घेत. तेव्हापासून ताईनं हिशेब बसवला, की नवऱ्याचा रुसवा काढण्यापेक्षा चपला घालणं सोपं. माणूस कशाकशाला सरावतो याचं मला आश्चर्य वाटत नाही. एका माणसाच्या तोऱ्यापायी अख्खं घर आंघोळ करायची पद्धत बदलतं, याचं वाटतं. आणि तेही कुणी सक्ती केली नसताना.

हे असंच चाललं असतं, पण आमच्या आईचा गुडघा बदलावा लागला.

ऑपरेशन छान झालं. आता तिनं राहायचं कुठे? मी चौथ्या मजल्यावर, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ताई तळमजल्यावर. तिसरा पर्याय म्हणजे दवाखान्यानं सुचवलेलं शुश्रूषा केंद्र. आई ते चाकाच्या खुर्चीतून बघून आली होती. "तिथली माणसं बंद टीव्हीकडे बघत बसतात," ती म्हणाली. "मी लेकीकडे जाणार." आई म्हणजे मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. ती 'जाणार' म्हणाली की आपण फक्त कधी एवढंच विचारायचं.

तिला घरी पाठवण्याआधी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाई ताईचं घर बघायला आल्या. तरुण, घाईतल्या, चपला दारातच काढून सरळ आत. पलंगाची उंची पाहिली, पायपुसणी उचलायला लावली आणि बाथरूमपाशी आल्या. ताईनं सवयीनं निळी चप्पल पुढे सरकवली.

"नको नको. आणि हे बघा, आजींनाही इथे चप्पल अजिबात द्यायची नाही. ओल्या फरशीवर रबरी चप्पल म्हणजे घसरगुंडी. पडल्या तर सगळं पहिल्यापासून. अनवाणी जायचं, इथे दांडी बसवून घ्या, तिला धरायचं, स्टुलावर बसायचं, नळ समोर."

"चप्पल नाही?" ताई म्हणाली.

"नाही."

"नुसती नळ सोडण्यापुरती?"

"काकू, तुमचं चपलेशी काय आहे एवढं?" असं हसत विचारता विचारता त्यांनी नळ सोडायला हात पुढे केला, आणि सापावर पडल्यासारखा मागे घेतला.

"याला करंट आहे!"

त्या नळाला तो शब्द पहिल्यांदाच कुणीतरी लावला होता. ताई अशी दचकली, जणू बाईंनी शिवी दिली.

"मुंग्या आहेत," भावोजी बैठकीच्या खोलीतून म्हणाले.

"वायरिंग कुणी केलंय हे?"

"मी." भावोजी उठून आले. कौतुक व्हायचं असेल तर समोर असावं, म्हणून.

"तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात?"

"विम्यात आहे."

बाईंनी हात ओढणीला पुसला. "मग परवाना असलेल्या माणसाकडून हे तपासून घ्या आणि त्याचं सर्टिफिकेट मला दाखवा. त्याशिवाय आजींना मी इथे पाठवणार नाही. केंद्रात जागा आहे, तिथे जातील."

त्या गेल्यावर भावोजी बराच वेळ घरात फेऱ्या मारत होते. "सर्टिफिकेट! बाथरूमला! उद्या उशीला मागतील. तिच्याएवढा असताना मी घरातली सगळी बटणं उघडून परत बसवली होती."

"लागली का सगळी?" मी विचारलं.

"मेव्हणे, तुम्ही गप्प बसा. तुम्हाला बल्ब बदलता येत नाही."

हे खरं आहे. पण बल्ब बदलता न आल्यानं माझ्या घरात अजून कुणाला मुंग्या आलेल्या नाहीत.

ताईचा मात्र जीव टांगणीला लागला. आई केंद्रात गेली तर बंद टीव्हीसमोर बसणार. घरी आली तर त्या नळासमोर, अनवाणी, ओल्या फरशीवर. तिनं नवऱ्याची मनधरणी केली. परवानेवाला येऊ दे, तो काही बोलणार नाही, नुसता बघेल, कागद देईल. कागदाचं नाव काढल्यावर भावोजींचा विरोध सैल पडला. कागदाशी त्यांचं आयुष्यभर जमत आलेलं आहे.

परवानेवाला सुट्टीच्या दिवशी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात एकही अवजार नाही. खिशात पेन आणि शिक्का. तो सोफ्यावर बसला, चहा घेतला, बिस्कीट बुडवून खाल्लं आणि विचारलं, "तपासायचंय, की सर्टिफिकेट पाहिजे?"

भावोजींना वाटलं गंमत करतोय. "दोन्ही एकच ना?"

"नाही साहेब. तपासायचं तर भिंत उघडावी लागेल. फरशा फोडाव्या लागतील. सर्टिफिकेटला काही फोडावं लागत नाही."

भावोजींनी वळून बाथरूमकडे पाहिलं. त्या समुद्री हिरव्या फरशा त्यांनी स्वतः निवडलेल्या, स्वतः चिकटवलेल्या. कोपऱ्यातली एक ओळ उतरणीला लागली होती, पण ती त्यांना डिझाइन वाटे.

"सर्टिफिकेट," ते म्हणाले.

"बरं पडतं तेच," परवानेवाला म्हणाला आणि उठून बाथरूमच्या उंबऱ्याशी गेला. आत नाही. त्याच्या पायात मोजे होते आणि फरशी ओली होती. त्यानं मान लांब करून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "वा. फरशा कुठून घेतल्या?"

ताईला राहवलं नाही. "अहो, गिझरचं बटण बंद केलं तरी नळाला मुंग्या येतात."

"बटण चुकीच्या वायरीवर घेतलं असेल," तो सहज म्हणाला. "बटण बंद, पण आत करंट उभाच. होतं असं घरच्या कामात."

"मग?"

"मग काय? सर्टिफिकेटवर बटणाचा रकाना नाहीये."

त्यानं डायनिंग टेबलावर कागद भरला, शिक्क्यावर तोंडाची वाफ मारली आणि दाबला. कागद सांगत होता की सदर बाथरूममधील विद्युत व्यवस्था तपासणीअंती समाधानकारक आढळली. समाधान कुणाचं, ते लिहायची पद्धत नाही.

दार लावून घेतल्यावर भावोजी म्हणाले, "बटणाचं काहीतरी बरळत होता. न बघताच! असल्यांना परवाने मिळतात." आणि त्याच असल्याची सही त्यांनी दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचं आवरण घालून आणली आणि बाथरूमच्या दारावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, चिकटवली. फिजिओथेरपिस्ट बाईंना फोटो पाठवला. त्यांनी शिक्का पाहिला, सही पाहिली, आणि आईला सोडलं. फोटोला हात लावून काही कळत नाही, हा त्यांचा दोष नाही.

"कागद आला," ताई मला फोनवर म्हणाली, "पण मुंग्या गेल्या नाहीत रे."

"मग सांग ना त्यांना स्पष्ट."

"तू सांग."

"ते माझे भावोजी आहेत."

"आणि माझे कोण आहेत?"

आम्ही दोघांनीही थोडा वेळ आपापल्या शिष्टाचाराचा विचार केला. शेवटी ताईनं तिला जमेल ते केलं, म्हणजे आईला पढवलं. नळाला हात लावू नकोस, मगानं ढकल. बटण मी बंद करीन, पण तरी लावू नकोस. दांडी धर, पण भिंतीला टेकू नकोस. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "हे सगळं दारावरच्या कागदावर का नाही लिहिलेलं?"

आईच्या पहिल्या आंघोळीच्या दिवशी भावोजींनी रजा घेतली होती. मीही गेलो होतो. आई वॉकर टेकत टेकत बाथरूमसमोर आली, ताईनं ठेवलेल्या खुर्चीवर बसली आणि चष्मा नीट करून दारावरचा कागद मोठ्यानं वाचला. पहिल्या शब्दापासून शिक्क्यातल्या अक्षरांपर्यंत.

"वा," ती म्हणाली. "जावईबापू, हे सगळं तुम्ही केलंत?"

"सगळं, आई. एका वायरीला दुसऱ्याचा हात नाही."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"आणि धोका काही नाही?"

"शंभर टक्के सेफ. शिक्का आहे ना."

खोटं बोलणाऱ्या मुलीला आधी पोटभर बोलू द्यायचं, मध्ये अडवायचं नाही, ही आईची शाळेतली पद्धत होती. मला ती चांगलीच ठाऊक, कारण ती घरीही वापरली जाई. म्हणून मी भिंतीकडे सरकलो.

"मग आधी तुम्ही जा," आई म्हणाली.

"मी?"

"तर! ज्यानं केलं त्याचा मान पहिला. जावयाच्या आधी सासूनं जाणं बरं दिसतं का? मला सांगितलंय तसंच करा. अनवाणी जा, दांडी धरा, नळ हातानं सोडा. मगानं नको. मी इथून बघते, म्हणजे मला शिकायला मिळेल."

"माझी आंघोळ झालीय, आई."

"पाय धुवा नुसते."

"जरा सर्दी आहे."

"पाणी गरम आहे. तुम्हीच तापवलंय."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहत होतो. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं वाकून दाराजवळची निळी चप्पल उचलली आणि काखेत धरली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचं असं वागणं त्यांच्या अनुभवात नव्हतं.

ते आत गेले. पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडली. डाव्या हातानं दांडी धरली. उजवा हात नळाकडे गेला आणि वीतभर अलीकडे थांबला.

स्टॅटिक, शंभर टक्के सेफ, जुन्या लोकांची युक्ती, हल्लीचा माल, हे सगळं त्या वीतभर जागेत मावत होतं. हात काही पुढे जाईना. आम्ही तिघं बघत होतो. बोटं हवेतच जरा वळवळली.

"एक मिनिट हं," असं म्हणत भावोजी बाहेर आले, आमच्यातून वाट काढत पॅसेजमध्ये गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पंखा मंदावत थांबला. फ्रीजनं एक हुंदका दिला आणि तोही गप्प झाला. मग ते परत आले, अख्ख्या पंजानं नळ धरला, सोडला, दोन्ही पाय धुतले, दांडीला हलवून पाहिलं आणि टॉवेलला हात पुसत बाहेर आले.

"बघा. काही नाही. एकदम सेफ."

"छान," आई म्हणाली. "लाइट गेली वाटतं."

"मी बंद केली. खबरदारी म्हणून."

"भीती वाटली?"

"भीती नाही हो आई. खबरदारी."

"अच्छा." आईनं वॉकरवरचे हात जरा मागे-पुढे केले. "म्हणजे मला तेवढं खबरदारीशिवाय पाठवत होतात."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीला 'बस खाली' म्हणावं, तसं म्हटलं. भावोजी बसलेही असते, पण जवळ खुर्ची एकच होती आणि तीत आई होती.

थोड्या वेळानं ते घसा खाकरत पॅसेजकडे निघाले. मेन स्विचखाली ताई उभी होती.

"सरक जरा. चालू करतो."

"राहू द्या."

"अगं, फ्रीज..."

"वितळू दे."

"माझा मोबाइल चार्जिंगला..."

"भिंत उघडून तपासेपर्यंत हा स्विच वर जाणार नाही. बोलवा त्याला."

"अगं, फरशा फुटतील! तो रंग आता बंद झालाय. बाजारात मिळत नाही."

"आईसुद्धा मिळत नाही," ताई म्हणाली. "तिचाही रंग बंद झालाय."

आई खुर्चीतून म्हणाली, "माझा रंग नको काढूस, पाणी तापवायला ठेव." ताईनं गॅसवर पातेलं चढवलं, अंधाऱ्या बाथरूममध्ये दार उघडं ठेवून बादलीनं आईला आंघोळ घातली. नवा गुडघा आणि जुनी आई दोघंही सुखरूप बाहेर आली.

भावोजी दुपारपर्यंत टिकले. खिडकीशी बसून ते घाम पुसत होते, आणि सिद्धान्त म्हणून नव्हे तर केवळ दुःख म्हणून मधूनमधून 'स्टॅटिक' असं पुटपुटत होते. फ्रीजखालून पाण्याचा एक ओघळ निघून बैठकीच्या खोलीकडे यायला लागला. मोबाइल शेवटचा लाल रंग दाखवायला लागला, तेव्हा कुठे त्यांनी परवानेवाल्याला फोन लावला.

तो दुसऱ्या दिवशी आला. दार ताईनं उघडलं.

"तपासायचंय," तिनं त्याला बसायच्या आत सांगितलं.

त्यानं तिच्याकडे, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या भावोजींकडे पाहिलं. "आधी दिलेल्या सर्टिफिकेटचं काय?"

"ते फाडलं."

"हरकत नाही. मी पण विसरलोच होतो." आज त्याच्याबरोबर हातोडी होती. याला काम येत नव्हतं अशातला भाग नाही. येत होतं आणि तरी तो शिक्का मारून गेला होता. भावोजींना निदान येत तरी नव्हतं. कुणाचा जास्त राग करावा, हे ठरवायला मला वेळ मिळाला नाही, कारण पहिली फरशी फुटली.

"हळू, हळू!" भावोजी म्हणाले.

"ठोका हो," पलंगावरून आई म्हणाली. "आवाज छान येतोय."

भिंत उघडल्यावर हिरवी वायर दिसली. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपला नीटनेटके वेढे घालून, वर टेप लावून, टेपची टोकं आत दुमडून. बांधणाऱ्यानं मन लावून बांधली होती. परवानेवाला तिच्याकडे पाहत राहिला. इतका वेळ तो कशाकडेच पाहत नसे.

"हे कुणी केलंय?"

"आधीच्या मालकानं केलं असेल," भावोजी म्हणाले.

ताई-भावोजींनी ते घर नवंकोरं घेतलं होतं. आधीचा मालक म्हणून तिथे फार तर कबुतरं राहिली असतील. पण यावर कुणी काही बोललं नाही, आईसुद्धा नाही. काही शिक्षा पूर्ण भोगू द्यायच्या असतात.

नव्या वायरी ओढल्या गेल्या. बटण योग्य वायरीवर आलं, हिरवी वायर जिथे जायची तिथे गेली, पडणारा स्विच परत आला, आणि परवानेवाल्यानं मीटर लावून, मोजे काढून, आत उभं राहून सगळं पाहिलं. ताई त्याच्या मागेच उभी होती, त्यामुळे त्यालाही दुसरा इलाज नव्हता. फुटलेल्या फरशांच्या जागी पिवळ्या आल्या. भावोजी ऑफिसात सांगायला लागले, की सासूबाई येणार म्हटल्यावर मी चांगल्या भिंती फोडायला लावल्या, सेफ्टीशी तडजोड नाही. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या ग्राहकांच्या निष्काळजीपणाकडे वळले.

मग एका सकाळी आई वॉकर दाराशी सोडून, दांडी धरून, अनवाणी आत गेली. ताईनं दार लोटून घेतलं. आतून नळाचा आवाज यायला लागला.

चहा घेत बसलेले भावोजी उठले. काही न बोलता पॅसेजमध्ये गेले आणि मेन स्विचखाली उभे राहिले. हात वर, बोटं स्विचवर.

"आई," त्यांनी हाक मारली, "पाणी बरोबर आहे ना?"

आतून पाण्याचाच आवाज.

"आई?"

उत्तर नाही. ताई दाराशीच उभी होती. तिला आतलं गुणगुणणं ऐकू येत असणार, कारण ती हसत होती. तिनं भावोजींना तसं काही सांगितलं नाही.

"आई! ऐकू येतंय का?" भावोजींचा आवाज चिरकला. आयुष्यात पहिल्यांदा ते एखाद्या दाव्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होते.

नळ बंद झाला.

"जावईबापू," आतून निवांत आवाज आला, "आंघोळ चाललीय, हजेरी नाही. जरा डोक्यावर पाणी घेऊ द्या."

आणि नळ पुन्हा सुटला. आईनं तो बराच वेळ चालू ठेवला. भावोजींनी हात काही खाली घेतला नाही.